जगलेले गाण्यात कसे आणावे : कंट्री गीतलेखनाची वाट

अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेतून आलेल्या कंट्री संगीताविषयी एक समज घट्ट रुजला आहे : ज्याने सोसले त्याला गाणे सुचते, आणि ज्याने जास्त सोसले त्याला जास्त चांगले सुचते. या समजात तथ्य अजिबातच नाही असे नाही. पण तो अर्धवट आहे आणि नव्याने लिहू लागलेल्याला तो हमखास चुकीच्या दिशेने नेतो. केंटकीच्या कोळसा खाणींत राबणाऱ्या बापांच्या मुली असंख्य होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच जणी उन्हाळाभर अनवाणी फिरत होत्या. त्यांतून गायिका-गीतकार लॉरेटा लिन यांचेच बालपण गाणे होऊन राहिले, याचे कारण त्यांचे दुःख इतरांहून मोठे होते हे नव्हे. सोसलेल्यातून कोणत्या चार गोष्टी उचलायच्या आणि कोणत्या चाळीस सोडून द्यायच्या, हे त्यांना कळले होते. हे उचलणे आणि सोडणे कसे करावे, याविषयीचे हे टिपण आहे. ज्यांना स्वतः लिहायचे आहे त्यांच्यासाठी ते आहेच. पण कंट्री गाणी नुसती ऐकणाऱ्यांनाही आपले आवडते गाणे कुठून उगवले असेल हे ताडायला त्याचा उपयोग होईल.

वस्तूपासून सुरुवात

लॉरेटा लिन यांचे ‘कोल मायनर्स डॉटर’ हे गाणे 1970 मध्ये प्रसिद्ध झाले. बुचर हॉलो नावाच्या डोंगरकपारीतले लाकडी घर, रात्रभर खाणीत कोळसा उपसणारे वडील, खाचांच्या फळीवर कपडे घासून बोटे सोलपटलेली आई, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात वाचले जाणारे बायबल, हिवाळा आला की कॅटलॉगमधून टपालाने मागवलेले बूट अशा गोष्टी त्यात एकामागून एक येतात. आपण गरीब होतो हे गाण्यात ओझरते येऊन जाते. ते पटवून देण्याचे काम मात्र फळी, दिवा आणि बूट करतात. वडिलांवरच्या प्रेमाचे वर्णनही असेच कामातून होते. गाणे लिहिले गेले तेव्हा वडिलांना जाऊन जवळपास दहा वर्षे झाली होती, हे ठाऊक नसलेल्यालाही त्या ओळींतला आदर ऐकू येतो.

म्हणून पहिली कृती अशी करावी. ज्या प्रसंगावर लिहायचे आहे तो एका वाक्यात, कोरडेपणाने, पोलिसांनी नोंदवावा तसा लिहून काढावा. त्याखाली त्या प्रसंगी समोर असलेल्या, हाताला लागलेल्या, कानावर पडलेल्या किंवा नाकाला जाणवलेल्या दहा-पंधरा गोष्टींची यादी करावी. यादीत एकही भावना येऊ देऊ नये. ‘एकटेपणा’ हा शब्द आला की तो खोडून त्या वेळी खोलीत काय वाजत होते ते लिहावे. मग यादी पुन्हा वाचून जी गोष्ट दुसऱ्या कोणाच्याही गाण्यात सहज खपून जाईल ती काढून टाकावी. पाऊस, रिकामी खुर्ची, पिवळा पडलेला फोटो या गोष्टी बहुतेक वेळा इथेच गळतात. कंट्री संगीतात तर अशा वापरून गुळगुळीत झालेल्या वस्तूंची स्वतंत्र वखारच आहे : ट्रक, व्हिस्की, खडीचा रस्ता, आगगाडीची शिट्टी. या वस्तू निषिद्ध नाहीत. पण तुमच्या ट्रकमध्ये असे काही तरी हवे जे दुसऱ्याच्या ट्रकमध्ये नव्हते.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, गीतकार ही टेनेसीतल्या एका लांब पल्ल्याच्या ट्रकचालकाची मुलगी आहे आणि तिला वडिलांवर लिहायचे आहे. तिचा पहिला मसुदा बहुधा असा येईल :

‘बाबा, तुम्ही नेहमीच दूर होता,
मन माझे वाट पाहून थकले.’

यात खोटे काही नाही, पण कुणाही नोकरदार बापाच्या कुणाही मुलीला या ओळी चालतील. आता ती यादी करायला बसते. यादीत थर्मास आहे, डिझेलचा वास आहे, दारात उतरवलेले बूट आहेत. आणि आठव्या-नवव्या क्रमांकावर, जवळजवळ विसरता विसरता आलेले, वडिलांचे लॉगबुक आहे. अमेरिकेतल्या ट्रकचालकांना आपल्या दिवसाचा हिशेब ठेवावा लागतो. कागदी लॉगबुकच्या दर पानावर चोवीस तासांचा एक तक्ता असतो आणि त्यात चार आडव्या ओळी असतात : सर्वांत वर ‘ऑफ ड्यूटी’, त्याखाली केबिनमधील झोप, तिसरी गाडी चालवण्याची आणि चौथी गाडी न चालवता केलेल्या कामाची. चालक पेन्सिलीने किंवा पेनाने एक अखंड रेष ओढतो. काम बदलले की रेष खाली उतरते किंवा वर चढते. दिवसभराचे आयुष्य एका वाकड्यातिकड्या रेषेत मावते. मुलीने ही जुनी वही उघडली आणि स्वतःच्या वाढदिवसाचे पान शोधले, तर गाणे तिथे सुरू होते :

‘माझ्या वाढदिवसाच्या पानावर
रेष तिसऱ्या ओळीत, सरळ;
पहाटे पाच ते दुपारी एक,
मेम्फिस ते ओक्लाहोमा सिटी.’

इथे वाट पाहणे, थकणे, मन यांतला एकही शब्द नाही, तरी वडील त्या दिवशी घरी नव्हते हे ऐकणाऱ्याला स्वतः शोधावे लागते. जे स्वतः शोधावे लागते ते मनात टिकते, असे मला वाटते. शिवाय ‘ऑफ ड्यूटी’ या दोन शब्दांत एक ध्रुवपद दडलेले आहे. त्याकडे पुढे येतोच.

कामधंद्याचे शब्द कंट्री संगीतात पहिल्यापासून असे महत्त्वाचे राहिले आहेत. 1927 च्या उन्हाळ्यात टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी राल्फ पीअर यांनी जी ध्वनिमुद्रणे केली, त्यांत पुढे मोठे झालेले गायक जिमी रॉजर्स होते. रॉजर्स यांनी रेल्वेत ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा, म्हणून काम केले होते आणि क्षयाने ती नोकरी सुटली होती. आगगाडी त्यांच्या गाण्यात आली ती रुळांवर काम केलेल्या माणसाच्या भाषेत. आणि क्षयही आला, रोगाच्या नावासकट, 1931 मध्ये. शेवटच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी, मे 1933 मध्ये, दोन गाण्यांच्या मधे त्यांना खाटेवर पडून विश्रांती घ्यावी लागत होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते वारले. तेव्हा तुम्ही किंवा तुमच्या घरातले कोणी जे काम केले असेल, त्या कामाची अवजारे, वेळा, इजा आणि शिव्या यांची एक यादी वेगळी करून ठेवावी. ती कधी वाया जात नाही.

हाती लागेल त्यावर लिहावे

ही गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. गायिका-गीतकार डॉली पार्टन यांनी ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ लिहिले ते प्रवासात, बसमध्ये, ड्राय क्लीनिंगच्या पावतीच्या पाठीवर, कारण दुसरा कागद जवळ नव्हता. गीतकार गाय क्लार्क यांना लॉस एंजेलिसच्या महामार्गाविषयीची ओळ रात्री कार्यक्रमाहून परतताना सुचली. पत्नीची भुवयांची पेन्सिल आणि बर्गरची कागदी पिशवी एवढ्या सामग्रीवर त्यांनी ती टिपून ठेवली आणि पुढे तिचे गाणे झाले. आज फोनवर बोलून ठेवता येते, पण बोललेले परत ऐकण्याचा कंटाळा येतो हा माझा अनुभव आहे. लिहिलेले डोळ्यांसमोर राहते. टिपताना शहाणपण करू नये. माणसाने जे शब्द वापरले तेच, व्याकरणाच्या चुकांसह, लिहावेत. चांगली शीर्षके बरेचदा कोणाच्या तरी तोंडच्या साध्या बोलण्यातूनच मिळतात.

कोण बोलतो आहे आणि कोणाशी

वस्तू सापडली की लगेच कडवी पाडायला बसू नये. त्याआधी एक निर्णय करायचा असतो आणि बहुतेक फसलेली आत्मचरित्रपर गाणी तो न केल्यामुळेच फसतात. अनुभव तुमचा असला तरी गाण्यात बोलणारा माणूस म्हणजे आजचे संपूर्ण तुम्ही नसता. तो कोण आहे, किती वर्षांचा आहे, प्रसंग घडून किती काळ लोटला आहे आणि तो कोणाला उद्देशून बोलतो आहे, हे ठरवावे लागते.

डॉली पार्टन यांच्या त्या गाण्यात हा निर्णय नेमका झालेला दिसतो. आईने चिंध्या जोडून मुलीला कोट शिवला, शिवताना बायबलमधील योसेफाच्या रंगीबेरंगी अंगरख्याची गोष्ट सांगितली आणि शाळेत मुले तो कोट पाहून हसली, एवढाच प्रसंग आहे. हे गाणे त्या दिवशी रडणाऱ्या मुलीने म्हटले असते तर ती तक्रार झाली असती. आणि यशस्वी झालेल्या बाईने हसणाऱ्यांना उद्देशून म्हटले असते तर तो सूड झाला असता. पार्टन यांनी मोठेपणीच्या बाईला मागे वळून पाहायला लावले, पण लहान मुलीचा अभिमान तसाच ठेवला : हसणाऱ्यांना आपल्या कोटाची किंमत कळली कशी नाही याचेच त्या मुलीला नवल वाटते. या नवलामुळे गाणे कडवट होत नाही आणि रडवेही होत नाही.

आपल्या ट्रकचालकाच्या मुलीपुढेही असेच पर्याय आहेत. दहा वर्षांची मुलगी बोलली तर तिला तक्त्यातल्या ओळींचा अर्थ कळणार नाही. ती फक्त चित्र पाहील. चाळीस वर्षांची बाई वडिलांशी बोलली तर जाब विचारल्यासारखे होईल. तीच बाई स्वतःच्या मुलाला आजोबांची वही दाखवत बोलली तर आवाज मऊ होईल आणि समजावून सांगण्याला निमित्तही मिळेल, कारण त्या मुलाला लॉगबुक म्हणजे काय हे सांगावेच लागेल. मी तिसरा पर्याय निवडीन. निवड कोणतीही असो, ती कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवावी आणि प्रत्येक ओळ तिच्याशी ताडून पाहावी, कारण दुसऱ्या कडव्यापर्यंत पोहोचता पोहोचता बोलणारा माणूस नकळत बदलतो.

किती खरे, किती रचलेले

‘हे खरेच असे घडले का?’ हा प्रश्न कंट्री गीतकाराला जितक्या वेळा विचारला जातो तितका दुसऱ्या कोणाला क्वचितच विचारला जात असेल. हार्लन हॉवर्ड या गीतकाराच्या नावावर ‘तीन कॉर्ड आणि सत्य’ (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले काही स्वर) अशी कंट्री संगीताची व्याख्या सांगितली जाते आणि ती इतकी प्रसिद्ध झाली की नवखे लोक सत्य म्हणजे प्रतिज्ञापत्र असे समजू लागले.

गायक-गीतकार मर्ल हॅगर्ड नऊ वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. आईने एकटीने संसार ओढला. मुलगा हाताबाहेर गेला, सुधारगृहांतून पळत राहिला आणि शेवटी कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात पोहोचला. एकविसावा वाढदिवस त्याने तिथेच काढला. 1968 मध्ये आलेल्या ‘मामा ट्राइड’ या गाण्यात हे जवळपास सगळे आहे. मात्र गाण्यातला माणूस सुटकेची आशा नसलेली जन्मठेप भोगतो आहे; प्रत्यक्षात हॅगर्ड तीन वर्षांच्या आत, 1960 मध्ये, पॅरोलवर बाहेर आले होते. हा बदल कोणाला खटकत नाही. गाण्याचा गाभा शिक्षेच्या मुदतीत नाही. आईने सगळे प्रयत्न केले, दोष तिचा नाही, या कबुलीत तो आहे. मुदत वाढवल्याने कबुलीचे वजन वाढते, कारण ज्याला कधीच सुटायचे नाही त्याला असे कबूल करून पदरात काही पाडून घ्यायचे नसते. यावरून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे : आकडे, ठिकाणे आणि घटनांचा क्रम गाण्याच्या सोयीने बदलायला हरकत नाही, पण कोण कोणाचे काय देणे लागतो, हे बदलू नये. हॅगर्ड यांनी दोष आईवर ढकलला असता तर मुदत अचूक असूनही गाणे खोटे झाले असते.

गायक जॉनी कॅश यांचे उदाहरण याच्या पलीकडचे आहे. ‘फोल्सम प्रिझन ब्ल्यूज’ हे गाणे त्यांनी लिहिले तेव्हा ते अमेरिकी हवाई दलातर्फे जर्मनीत होते आणि कॅलिफोर्नियातील फोल्सम तुरुंगावरचा एक चित्रपट पाहून त्यांना ते सुचले. त्यांनी स्वतः तिथे कधी शिक्षा भोगली नाही. 1968 मध्ये गाण्याचा प्रसिद्ध कार्यक्रम करण्यासाठी ते तिथे गेले, तेव्हा कैद्यांनी मात्र ते आपलेच गाणे मानले. मला वाटते, घरापासून हजारो मैलांवर, बराकीत, दुसऱ्याच्या घड्याळाप्रमाणे जगणाऱ्या तरुणाला कोंडले जाणे म्हणजे काय याची चव होती, आणि त्याने ती चव दुसऱ्याच्या कोठडीत नेऊन ठेवली. हाही अनुभवाचा रास्त वापर आहे. याच गाण्यात एक इशाराही आहे. त्याची चाल आणि बऱ्याच ओळी गॉर्डन जेंकिन्स यांच्या आधीच्या एका गाण्यावरून घेतल्या होत्या आणि पुढे कॅश यांना त्याची भरपाई द्यावी लागली. भावना उसनी घेता येते. दुसऱ्याच्या ओळी घेतल्या तर हिशेब चुकवावा लागतो.

ध्रुवपद दर वेळी थोडे वेगळे ऐकू यावे

मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असे. तबकड्या गेल्या, पण साधारण तेवढ्याच लांबीची सवय राहिली. तीन मिनिटांत आयुष्य सांगता येत नाही. दोन किंवा तीन दृश्ये दाखवता येतात. कंट्री गीतकारांनी यावर शोधलेला उपाय असा की ध्रुवपदाचे शब्द तेच ठेवायचे आणि मधल्या कडव्यांनी त्यांचा अर्थ सरकवत न्यायचा. पहिल्यांदा ऐकताना जी ओळ साधी वाटते, ती तिसऱ्यांदा ऐकताना घशाशी येते.

कॅश यांचेच दुसरे गाणे, 1959 मधले, या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. 1937 मध्ये कॅश कुटुंब राहत असलेल्या आर्कान्सामधील डायस वसाहतीत पूर आला तेव्हा कॅश पाच वर्षांचेही नव्हते. गाण्यात पाणी किती चढले हा प्रश्न पुन:पुन्हा विचारला जातो आणि उत्तरातला आकडा प्रत्येक वेळी एका फुटाने वाढतो. प्रश्न तोच, आकडा नवा. दोन आकड्यांच्या मधे कोंबड्या, गाय, मधमाश्यांच्या पेट्या यांची वासलात लागत जाते. भीती हा शब्द उच्चारण्याची गरजच उरत नाही. लहान मुलाला पूर जसा आठवेल तसाच तो आठवला आहे : मोठ्यांचे प्रश्न आणि पाण्याची उंची.

आता लॉगबुककडे परत येऊ. ध्रुवपद ‘ऑफ ड्यूटी’वर संपते असे धरू. पहिल्या कडव्यात मुलगी तक्त्यातल्या चार ओळी समजावून सांगते आणि वरची ओळ नेहमी कोरी असायची असे म्हणते. दुसऱ्या कडव्यात वाढदिवसाचे पान येते. ‘ऑफ ड्यूटी’ हे शब्द आता हट्टासारखे ऐकू येतात. तिसऱ्या कडव्यात काय? पहिला विचार प्रत्येकाच्या मनात एकच येईल : वडील वारले आणि मुलीने वरच्या ओळीत शेवटपर्यंत सरळ रेष ओढली. हे परिणामकारक आहे यात शंका नाही, आणि म्हणूनच मी ते टाळीन. कंट्री संगीतात दफनविधींची कमतरता नाही, आणि टाळी घेणारे मरण लिहिणाऱ्याला आळशी बनवते. त्यापेक्षा प्रत्यक्षात काय झाले ते पाहावे. डिसेंबर 2017 पासून अमेरिकेत बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकांना कागदी वहीऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्रावर नोंद ठेवणे सक्तीचे झाले. समजा, या वडिलांनी त्याच सुमारास गाडी सोडली. आता ते घरी आहेत, तब्येत ठीक आहे, आणि तरीही पहाटे चारला उठून बूट घालून स्वयंपाकघरात उभे राहतात. मुलगी पाणी प्यायला उठते आणि त्यांना तसे पाहते :

‘चार वाजता दिवा लागलेला,
बूट पायांत, किल्ली हातात नाही;
कोणत्या ओळीत ओढू, बाबा,
ही तुमची पहाटेची रेष?’

यानंतर येणारे ‘ऑफ ड्यूटी’ हे मरणाहून गुंतागुंतीचे आहे. ज्या सुट्टीची मुलीने वाट पाहिली ती मिळाली, तेव्हा ती कशी घ्यायची हे वडिलांना ठाऊक नाही. असे तिसरे कडवे कल्पनेने सुचत नाही. त्यासाठी खरोखर कोणाच्या तरी स्वयंपाकघरात पहाटे जावे लागते.

चालीविषयी थोडेसेच. तीन कॉर्डवर, उदाहरणार्थ जी, सी आणि डी या कॉर्डवर, बहुतेक कडवी बसतात. ओळ आधी बोलून पाहावी आणि बोलताना आवाज जिथे चढतो तिथेच चालीने चढावे. दुःखाच्या शब्दांना संथ चाल लावलीच पाहिजे असे नाही. ‘मामा ट्राइड’ची चाल चांगलीच वेगवान आहे आणि त्यामुळे त्यातला माणूस स्वतःची कीव करत बसल्यासारखा वाटत नाही.

कापाकापी

स्वतःच्या आयुष्यावर लिहिताना कात्री चालवणे सर्वांत जड जाते, कारण कापलेली प्रत्येक ओळ खरी असते. लॉरेटा लिन यांनी आपले बालपणाचे गाणे बऱ्याच जास्त कडव्यांचे लिहिले होते आणि निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी त्यांना त्यातली काही गाळायला लावली. गाळलेली कडवी त्यांच्या घरच्यांना प्रिय असतीलही. ऐकणाऱ्याला त्यांची उणीव जाणवत नाही. ‘पण हे खरेच घडले होते’ हे ओळ ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. कडवे काढून गाणे म्हणून पाहावे. पुढचे कडवे समजायला अडचण आली नाही, तर काढलेले परत घालू नये. माहिती देणाऱ्या ओळी, म्हणजे साल, नाते, गावाचे नाव अशा ओळी, बहुतेकदा पहिल्याच कडव्यात दाटीवाटीने बसलेल्या असतात. तिथेच कात्री आधी चालवावी.

आपल्या गाण्यात दुसरी माणसेही राहतात

आत्मचरित्रात एकट्याचे असे काहीच नसते. लॉरेटा लिन यांचे पंधराव्या वर्षी लग्न झाले; नवऱ्याचे पिणे, इतर बायकांवरून झालेली भांडणे, लागोपाठची बाळंतपणे या सगळ्यांवर त्यांनी गाणी केली आणि नवरा त्यांच्यासोबतच राहत होता. गर्भनिरोधक गोळीवरचे त्यांचे 1975 मधील गाणे अनेक रेडिओ केंद्रांनी लावायला नकार दिला. एवढे धैर्य सगळ्यांना जमेल असे नाही आणि सगळ्यांनी ते दाखवलेच पाहिजे असेही नाही. मात्र एक काळजी घेता येते. ज्या माणसावर गाणे आहे त्याला गाण्यात एखादी तरी चांगली ओळ बोलू द्यावी. ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू गाण्यात अजिबात ऐकू येत नसेल, तर श्रोता नकळत त्याची बाजू घेऊ लागतो. प्रसंग ताजा असेल आणि माणूस ओळखू येणारा असेल, तर धंदा, गाव, केसांचा रंग बदलावा. देणेघेणे तेवढे तेच ठेवावे.

दुसऱ्यांचे पाहिलेले आयुष्यही अनुभवच असते. केंटकीतील ऑलिव्ह हिल या गावी वाढलेले टॉम टी. हॉल यांनी लहानपणी पाहिलेल्या एका आईवरून 1968 चे ‘हार्पर व्हॅली पीटीए’ (पीटीए म्हणजे पालक-शिक्षक संघ) लिहिले. गावातल्या प्रतिष्ठितांनी शाळेच्या आडून तिच्या वागण्यावर बोट ठेवले होते आणि तिने त्यांना तोंडावर सुनावले होते. हॉल यांचे स्वतःचे काम तिथे पाहणाऱ्या मुलाचे होते, इतकेच. ज्यांना आपल्या आयुष्यात गाण्याजोगे काही घडलेच नाही असे वाटते, त्यांनी हे लक्षात घ्यावे. गीतकार क्रिस क्रिस्टोफरसन ऑक्सफर्डमध्ये शिकले होते आणि सैन्यात कॅप्टन होते. ते सोडून कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशविलमध्ये येऊन त्यांनी स्टुडिओत झाडलोट केली, आणि एकट्याने काढलेल्या रविवारच्या सकाळवर जे गाणे लिहिले त्यात ना शेत आहे ना खाण. मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या गीतकार लोरी मॅकेना यांनी आपल्या पाच मुलांना सांगावेसे वाटले ते मुले शाळेत गेलेली असताना घरच्या टेबलापाशी बसून लिहिले. गायक टिम मॅग्रॉ यांनी ते गायले आणि मॅकेना यांना त्यासाठी ग्रॅमी मिळाले. गीतकार विली नेल्सन यांनी तर एकदा सहकारी फोन घ्यायला बाहेर गेला तेवढ्या वेळात समोरच्या भिंतींशी बोलणारे गाणे लिहिले आणि 1961 मध्ये फॅरॉन यंग यांच्या आवाजात ते गाणे गाजले.

नेल्सन यांचा उल्लेख झालाच आहे तर व्यवहाराचे एक वाक्य : पैशांच्या अडचणीत त्यांनी ‘नाइट लाइफ’ या आपल्या गाण्याचे हक्क 150 डॉलरना विकून टाकले होते. आयुष्य गाण्यात ओतले म्हणून ते गाणे कायम आपल्याच मालकीचे राहते असे नाही. कागदावर सही करण्याआधी तो वाचून घ्यावा.

अर्धे राहिलेले गाणे

मसुदा तयार झाला की अनोळखी माणसांपुढे तो एकदा गिटारवर म्हणून पाहावा. नॅशविलमध्ये 1982 पासून चालू असलेल्या ब्लूबर्ड कॅफेत गीतकार गोल बसून आळीपाळीने आपली गाणी म्हणतात आणि लोक अगदी हाताच्या अंतरावर शांत बसून ऐकतात. तशी जागा मिळाली नाही तरी चार माणसे पुरतात. त्यांना मत विचारू नये; कोणत्या ओळीला ती हलली आणि कोणत्या ओळीला त्यांनी खाली पाहिले, ते बघावे.

काही गाणी मात्र अडतातच, आणि ती कौशल्य कमी पडल्यामुळे अडलेली नसतात. गायक-गीतकार व्हिन्स गिल यांनी गायक कीथ व्हिटली यांच्या 1989 मधील मृत्यूनंतर एक गाणे लिहायला घेतले आणि ते अर्धवट सोडले. 1993 मध्ये त्यांचा भाऊ वारला, तेव्हा ते पूर्ण झाले. 1996 मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला वर्षातील सर्वोत्तम गाण्याचा मान दिला. मधली चार वर्षे गिल यांनी ते ओढूनताणून संपवले असते तर त्याचे काय झाले असते, याचा विचार मी अधूनमधून करतो.

म्हणून अडलेले गाणे फाडून टाकू नये आणि जबरदस्तीने संपवूही नये. कागदावर तारीख घालावी, कोणत्या पट्टीत म्हटले ते लिहावे, चाल फोनवर एकदा सरळ गाऊन ठेवावी, आणि ज्या ठिकाणी अडले तिथे शेवटी जमलेली ओळ जशी असेल तशी ठेवून खाली एक वाक्य लिहावे : इथे कोणाचे बोलणे हवे आहे. ट्रकचालकाच्या मुलीच्या कागदावर ते वाक्य ‘आईचे’ असे असू शकेल, कारण इतकी वर्षे लॉगबुकच्या बाहेरचा सगळा हिशेब तिनेच ठेवला होता आणि अजून तिला कोणी काही विचारलेले नाही.